पंख असलेले अवकाशयान : एका कामगाराच्या नजरेतून



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी महागाई भत्ता नाहीतर कंत्राटी कामगार यांच्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी अवकाशयानाचे नाव काढताच ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचा दोष नाही. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्यात दिवसा पान्याने आणि रात्री वाचनालयाच्या दिव्याखाली झाले. परंतु यंत्र कसे चालते आणि ते का मोडते, हा प्रश्न जितका प्राध्यापकांचा आहे तितकाच फिटरचाही आहे. त्या अधिकाराने मी आज तुमच्यापुढे उभा आहे.

माझ्या गोष्टीचा आरंभ अमेरिकेत होत नाही, मुंबईत होतो. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली ती स्थापन केली आणि विश्वकिरणांचा अभ्यास हे तिचे आरंभापासूनचे एक काम. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून अहोरात्र पृथ्वीकडे येणारे अतिवेगवान सूक्ष्म कण. या संस्थेतील सुकुमार बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कण पकडण्यासाठी एक यंत्र उभारले. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘अनुराधा’. आपल्या पंचांगातले, सत्तावीस नक्षत्रांतले एक नाव.

या अनुराधेच्या पोटात खास प्लॅस्टिकच्या पत्र्यांच्या चवडी होत्या. कण पत्र्यातून आरपार गेला की मागे सूक्ष्म जखम ठेवतो. पत्रा रसायनात धुतला की ती जखम सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागते. पण कण आला कधी, हे पत्र्याला कसे कळावे? त्यासाठी युक्ती अशी केली होती की वरची चवड स्थिर आणि खालची अगदी हळूहळू फिरणारी. वरची खूण आणि खालची खूण यांत किती अंतर पडले हे मोजले की कण येण्याची वेळ निघते. वेळ कळली की यान तेव्हा पृथ्वीच्या कोणत्या भागावर होते ते कळते. पृथ्वीचे चुंबकत्व ही एक चाळणीच आहे. कोणता कण तिच्यातून कुठे सुटू शकला यावरून त्याच्यावर किती विद्युतभार होता याचा अंदाज बांधता येतो. बंधूंनो, मोठे शास्त्र कधीकधी इतक्या साध्या युक्तीवर उभे असते. आणि ती चवड हळू पण बिनचूक फिरावी म्हणून कुणा कारागिराने तिच्यावर डोळे शिणवले असतील, हेही मी विसरू शकत नाही.

हे यंत्र वर नेले कशाने? ‘चॅलेंजर’ नावाच्या अमेरिकन अवकाशयानाने. तारीख २९ एप्रिल १९८५. या चॅलेंजरची आणि आपली ओळख जुनी होती. १९८३ च्या ऑगस्टअखेर आपला ‘इन्सॅट-१बी’ हा उपग्रह याच यानाने वर नेला होता. त्याच उपग्रहामुळे पुढे गावोगाव दूरदर्शनची चित्रे पोहोचली. महालातल्या आमच्या वाड्यात ज्या एका घरी दूरदर्शन संच होता, तिथे खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांत मी होतो. ते चित्र कोणाच्या पाठीवर बसून आले हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

आता हे यान कसे होते ते पाहू. आपल्या राकेश शर्मांना १९८४ साली रशियन यानाने नेले. ते यान परतले ते छत्रीला लटकून. चॅलेंजरच्या जातीचे यान मात्र अग्निबाणासारखे उभे जाई, काही दिवस चंद्रासारखे पृथ्वीभोवती फिरे आणि विमानासारखे धावपट्टीवर उतरे. लांबी सुमारे ३७ मीटर, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत सुमारे २४ मीटर. पाठीवर मालाची कोठी, लांब १८ मीटर आणि रुंद साडेचार मीटर. आपली एस.टी.ची गाडी तिच्यात सहज मावली असती.

उड्डाणाच्या वेळी या यानाच्या पोटाशी एक प्रचंड टाकी जोडलेली असे, उंची सुमारे ४७ मीटर. तिच्यात दोन कप्पे. एकात उणे २५३ अंशांचा द्रवरूप हायड्रोजन, दुसऱ्यात उणे १८३ अंशांचा द्रवरूप ऑक्सिजन. यानाच्या शेपटाकडची तीन इंजिने हे इंधन पीत. परंतु तेवढ्याने भागत नसे, कारण सगळा पसारा वीस लाख किलोंचा. म्हणून टाकीच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन बाण असत. आरंभीचा बहुतांश जोर त्यांचा. या बाणांचा एक स्वभाव लक्षात ठेवा : एकदा पेटले की ते विझवता येत नाहीत. आत भरलेले सर्व इंधन जळेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन मिनिटे, ते जळणारच. हे बाण अखंड नव्हते. युटा राज्यातील कारखान्यात त्यांचे तुकडे तयार होत, आगगाडीने फ्लोरिडाला येत आणि तिथे एकावर एक बसवून जोडले जात. जिथे जोड आला तिथे फट आली, आणि फट आली तिथे ती बुजवायला रबराची रिंग आली. प्रत्येक जोडात अशा दोन रिंगा, एक निकामी झाली तर दुसरी राखणीला.

दोन मिनिटांनी रिकामे बाण सुटून समुद्रात पडत. साडेआठ मिनिटांच्या सुमारास मुख्य इंजिने बंद होत, टाकी सुटे आणि यान कक्षेत शिरे. त्या वेळी वेग ताशी २८,००० किलोमीटर. नागपूरहून रात्री गाडीत बसलेला मनुष्य सकाळी मुंबईला उतरतो. यान ते अंतर दीड मिनिटात कापते!

एप्रिलच्या त्या खेपेला यानात सात माणसे होती. नायक रॉबर्ट ओव्हरमायर. त्यांच्यात डॉन लिंड नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांची अंतराळवीर म्हणून निवड झाली १९६६ साली आणि प्रत्यक्ष उड्डाण घडले १९८५ साली. एकोणीस वर्षे मनुष्य रांगेत उभा होता! आमच्या बदली कामगारांना कायम होण्याची वाट पाहताना या लिंडसाहेबांची आठवण करून द्यावी असे मला कधीकधी वाटते. माणसांबरोबर दोन माकडे आणि चोवीस उंदीर होते. त्यांच्या पिंजऱ्यांतून खाद्याचे कण आणि नको ते सारे सुटून केबिनभर तरंगू लागले. विश्वाच्या अंगणातसुद्धा झाडू मारणे कुणाला चुकलेले नाही.

टेलर वांग हे दुसरे शास्त्रज्ञ. द्रवाच्या थेंबांचे वर्तन तपासणारे त्यांचे यंत्र आरंभीच बंद पडले. उघडून दुरुस्त करतो म्हणाले, तर जमिनीवरील अधिकारी तयार होईनात. मला दुरुस्तीची संधी देणार नसाल तर मी खाली येत नाही, अशी भाषा त्यांना करावी लागली. अखेर परवानगी मिळाली, त्यांनी यंत्र उघडले, चालू केले आणि काम पुरे केले. ज्याने यंत्र बनवले त्याला ते कळते, ही गोष्ट वरिष्ठांना पटवायला अंतराळातही असहकाराचा धाक घालावा लागतो!

आणि अनुराधा? ती कोठीत, उघड्या अवकाशात, निमूटपणे कण मोजत होती. पुढे मुंबईत तिच्या पत्र्यांचा अभ्यास झाला, आणि विश्वकिरणांतील काही कण आपले सारे इलेक्ट्रॉन न गमावता, काही तर जेमतेम एक गमावून, इथवर येतात याला पुष्टी मिळाली.

सात दिवसांनी, ६ मे रोजी यान परतले. आता पंखांचे काम येते. अवकाशात हवा नाही, तेव्हा पंख तिथे निव्वळ ओझे. ते ओझे वर न्यायचे ते शेवटच्या अर्ध्या तासासाठी. परतताना यान आधी उलटे फिरून इंजिनाने थोडा वेग कमी करी आणि खाली येऊ लागे. सुमारे १२० किलोमीटर उंचीवर विरळ हवा भेटे. तिथे यान नाक वर करून, चाळीस अंशांच्या तिरप्या कोनात, पोट पुढे करून हवेवर आदळे. संक्रांतीला महालाच्या गच्च्यांवर पतंग उडवणाऱ्या पोरांना हे समजावून सांगायला नको. पतंग वाऱ्याला कड दाखवील तर खाली येईल, छाती तिरपी दाखवील तर टिकेल. यानाचे पोटही असेच हवेला अडवी आणि वेग मोडी. मोडलेल्या वेगाची उष्णता होई. पंखांच्या पुढच्या कडा दीड हजार अंशांच्याही वर तापत. त्या कडांना कार्बनचे विशेष कवच आणि पोटाला सिलिकाच्या हजारो फरशा, एकेक हाताने चिकटवलेल्या. अखेरीस हे यान इंजिनाच्या जोराशिवाय, नुसते तरंगत, ताशी सुमारे ३५० किलोमीटर वेगाने धावपट्टीला टेके. उतरणे चुकले तर वळून पुन्हा येण्याची सोय नाही. एकच डाव.

यान सुखरूप उतरले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझे व्याख्यान खरे म्हणजे इथून सुरू होते.

समुद्रातून काढलेले बाण कारखान्यात परत नेऊन उघडण्याची पद्धत होती. जूनच्या अखेरीस या उड्डाणाचा डावा बाण उघडला. त्याच्या नळकांड्याजवळच्या जोडातील पहिली रिंग जळून आरपार गेली होती, आणि राखणीची दुसरी रिंगही कुरतडली गेली होती. आतला जाळ शेवटच्या दारापर्यंत येऊन थबकला होता. डॉन लिंड यांनी पुढे सांगितले की, आणखी तीन दशांश सेकंद गेला असता तर आपण संपलो असतो, असे त्यांना कळवण्यात आले. आपल्या अनुराधेसह, सात माणसांसह!

माझ्या भगिनींना मी विचारतो, तुमच्या कुकरची रिंग कडक झाली तर काय होते? झाकण लावले तरी बाजूने वाफ फुसफुसते. तुम्ही काय करता? गॅस बंद करता आणि रिंग बदलता. काल भात शिजला होता, आजही शिजेल, असे म्हणत त्यावर शिट्ट्या मोजत बसत नाही. जे शहाणपण महालातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे ते त्या मोठ्या कचेरीत टिकले नाही. या बाबीचा निकाल लागल्याखेरीज उड्डाण नाही, असा निर्बंध जुलैत कागदावर घातला गेला. आणि नंतरच्या प्रत्येक उड्डाणाला तोच निर्बंध सहीने उठवला गेला. एक सही, एक उड्डाण, काही झाले नाही. पुन्हा सही, पुन्हा उड्डाण.

बाण बनवणाऱ्या कंपनीत रॉजर बोझोले नावाचे एक अभियंता होते. या रिंगा त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ३१ जुलै १९८५ रोजी त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले की हा प्रश्न ताबडतोब हाती घेतला नाही तर मनुष्यहानी होईल. कागद पोहोचला. काम मात्र रखडतच चालले.

मित्रहो, इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्याचे दोष सांगताना आपले झाकणे हे सभेला शोभत नाही. तीसेक वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली बदली कामगार होतो. वाफेच्या नळाच्या एका जोडावरची गास्केट घाम आल्यासारखी पाझरत असे. मी मिस्त्रींना दाखवली. ते म्हणाले, “काल बी गयत होतं ना बे? काय झालं?” मी नट आवळले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पाझर. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा नट आवळले. तिसऱ्या वेळी मी सांगितलेच नाही. बदली कामगार, उद्या फाटकावर नाव पुकारतील की नाही याची काळजी. त्या आठवड्यात गास्केट फुटली आणि माझ्या जोडीदाराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. मिस्त्री वाईट मनुष्य नव्हते. त्यांच्यावर उत्पादनाचा रेटा होता. आणि मी? मी दोनदा बोललो होतो, हे मी स्वतःला अनेक वर्षे समजावीत आलो. पण तिसऱ्या वेळी गप्प बसलो, हेही तितकेच खरे आहे. मी युनियनमध्ये आलो तो या तिसऱ्या वेळेमुळे.

म्हणून २७ जानेवारी १९८६ ची रात्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. दुसऱ्या दिवशी चॅलेंजरचे दहावे उड्डाण होते. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. थंडीने रबर ताठते, फट बुजवायला वेळेवर फुगत नाही. बोझोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोनवरच्या बैठकीत सांगितले की, आजवरचे सर्वांत थंड उड्डाण सुमारे १२ अंशांवर झाले, त्याखाली उडवू नका. पलीकडून नाराजी ऐकू आली. तेव्हा कंपनीने टेलिफोन बाजूला ठेवून आपापसांत चर्चा केली. निर्णय चार व्यवस्थापकांनी केला. जे रिंग जाणत होते त्यांचे मत मोजलेच नाही. अर्ध्या तासाने निरोप गेला की उड्डाणास हरकत नाही. उड्डाणस्थळी असलेले कंपनीचे ॲलन मॅकडोनल्ड यांनी त्या कागदावर सही करण्यास नकार दिला. तेव्हा सही युटाहून आली.

२८ जानेवारीला सकाळी, सुमारे २ अंश तापमानात यान उडाले. उजव्या बाणाच्या एका जोडातून जाळ बाहेर आला, आणि ७३ व्या सेकंदाला सारे संपले. सात माणसे गेली, त्यांत एक शाळेची शिक्षिका होती. पी. राधाकृष्णन आणि नागपती भट हे दोन भारतीय अशाच यानातून जायचे म्हणून तयारी करीत होते. त्यांचे जाणे कायमचे राहिले. चौकशी समितीपुढे रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो पुन्हा पटकन फुगत नाही हे सर्वांना दाखवले. एका पेल्यातला प्रयोग! पण फाइनमनने जे फेब्रुवारीत दाखवले ते कामावरच्या माणसांनी जुलैतच सांगितले होते.

कोणी म्हणेल, ठेच लागली, शहाणे झाले. १ फेब्रुवारी २००३ ला ‘कोलंबिया’ परतताना फुटले. त्यात करनालची आपली कल्पना चावला होती. उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला टाकीवरचा फेसाचा तुकडा निघून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. फेस पूर्वीही अनेकदा आदळला होता आणि काही झाले नव्हते. अभियंत्यांनी कक्षेतल्या यानाच्या पंखाची छायाचित्रे मागितली. ती घेतली गेली नाहीत. सोळा दिवस जो पंख निरुपयोगी होता, तोच शेवटच्या अर्ध्या तासात हवा होता, आणि तोच फुटका निघाला. या जातीची याने १९८१ ते २०११ या काळात १३५ वेळा उडाली. दोन गेली, त्यांत चौदा माणसे गेली. दोन्ही वेळा धोका आधी कुणाला तरी ठाऊक होता. ज्याला ठाऊक होता त्याच्या हाती थांबवण्याची कळ नव्हती.

आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन डोक्यावर आलेल्या धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क लिहिला गेला. फार चांगले झाले. परंतु बोझोलेंनीही सूचना दिलीच होती, ती लेखी होती. सूचना देण्याचा हक्क हा अर्धा हक्क आहे. ती ऐकली जाईपर्यंत काम थांबेल, आणि थांबवणाऱ्याची भाकरी जाणार नाही, हा उरलेला अर्धा. ‘धोका आहे हे सिद्ध करा’ असे त्या रात्री अभियंत्यांना सांगण्यात आल्यासारखे झाले. वास्तविक ‘धोका नाही हे सिद्ध करा’ असे उडवणाऱ्याला विचारायला हवे होते. काल काही झाले नाही, हा पुरावा नव्हे. ती केवळ कालची तारीख आहे.

आज आपला देशही पंखांचे यान बनवतो आहे. २३ मे २०१६ ला त्याचा पहिला नमुना श्रीहरिकोट्याहून उडाला आणि सुमारे ६५ किलोमीटर उंची गाठून आला. २०२३ आणि २०२४ मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गाजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलेले असे यान तीनदा आपले आपण धावपट्टीवर उतरले. त्याचे नाव ‘पुष्पक’. त्यात अजून माणूस बसलेला नाही. कधीतरी बसेल, आणि त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी असेन, जगलो वाचलो तर. माझे मागणे एवढेच, की त्याचा जोड बसवणाऱ्या पोराला, तो कायम असो की कंत्राटी, “साहेब, आज नको” असे म्हणता यावे, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याचे नाव पुकारले जावे.

घरी गेल्यावर कुकरची रिंग एकदा पाहून घ्या. आणि उद्या कामावर कुणी पोरगा तुम्हाला पाझरणारा जोड दाखवील, तर कृपा करून त्याला तिसऱ्यांदा बोलायला लावू नका.